दुपारी बाहेर पडू नका

नंदिनीने चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी वळली. आधी ते रोजचं गाणं, मग थोडी खरखर आणि मग तिचाच ध्वनिमुद्रित आवाज. ‘नागरिकांनो, उन्हाची तीव्रता वाढली आहे. दुपारी बारा ते चार या वेळेत घराबाहेर पडू नका. दारे-खिडक्या बंद ठेवा, पडदे लावा. तहान नसली तरी पाणी, मीठ-साखरेचे पाणी प्या. त्रास झाल्यास रुग्णवाहिकेसाठी एकशे आठ क्रमांकावर फोन करा.’ स्वच्छ, ठसठशीत, कुठे अडखळणं नाही की कुठे वस्तीतल्या बोलीचा वास नाही. नागपुरात धंतोलीच्या त्या गल्लीत समोरासमोर दवाखाने आणि मधल्या फटींत औषधांची दुकानं. यवतमाळ-गडचिरोलीकडून पेशंट घेऊन आलेली माणसं फुटपाथवर चादरी अंथरून झोपलेली, ती नुकती उठत होती. गाडी काय सांगते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बाहेर पडू नका म्हणे. ती तर कधीची बाहेर पडलेली होती. चहावाल्याने गाडीकडे हनुवटी उडवली. “झाली सुरू बाई. सकाळी सकाळी डोक्शाचं दही करते. बाहेर नोका निंघू म्हणते, मंग धंदा का हिचा बाप करन?” दोघं-तिघं हसले. नंदिनीही हसली. हसू तोंडावर आलंच कसं याचा तिला संताप आला. कप तसाच फळीवर ठेवून, गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दोन्ही कानांवर ओढणी दाबून उभी राहिली. उन्हासाठी कान बांधलेत, असंच बघणाऱ्यांना वाटलं असेल.

वर दवाखान्यात, काचेच्या दारापलीकडे, तिची आई मीराबाई शुक्रवारपासून निपचित पडून होती. नाकातोंडात नळ्या, छातीवर तारा. पहिल्या दिवशी अंग इतकं तापलेलं की नर्सने काखेत ठेवलेल्या बर्फाचं बघता बघता पाणी होत होतं. ताप आता उतरला होता, पण माणूस शुद्धीवर आलं नव्हतं. “उष्माघात मेंदूपर्यंत गेलाय, जाग आली तरी किती येईल ते सांगता येत नाही,” असं डॉक्टर श्वेता म्हणाल्या होत्या. बाई तरुण होती, खोटं बोलायला अजून शिकली नव्हती. नंदिनीचा धाकटा भाऊ संघपाल खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला. त्याच्या नोकरीतल्या विम्याच्या कार्डावर आईला सरकारी दवाखान्याच्या शीतकक्षातून इथे हलवलं होतं. तो ड्यूटी संपवून यायचा, काचेला कपाळ टेकून उभा राहायचा आणि तोच एक प्रश्न विचारायचा. “ताई, मले एक गोष्ट समजून नाई राहिली. आई रोज दुपारी विहारात जाते. पाऊस असो का ऊन असो. मंग या हप्त्यात काहून गेली नाई वं? काहून बसून राहिली थ्या भट्टीत?” नंदिनी म्हणायची, काय माहीत. कालपर्यंत ते खरं होतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं ती वर्गात पोरांना समजावून सांगे. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारी, गावातल्या सभा-समारंभांत सूत्रसंचालन करणारी, आवाजाबद्दल नाव असलेली बाई. थंडी ओसरता ओसरता एका कार्यालयातून फोन आला, उन्हाळ्याच्या सूचना ध्वनिमुद्रित करायच्यात, तुमच्याशिवाय कोण. ती मोहरली. काचेच्या त्या खोलीत एसी इतका होता की तिने ओढणी खांद्याभोवती गुंडाळून घेतली होती. हातात एक कागद, त्यावर सगळं शहाणपणाचं, एक अक्षरही चुकीचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आत बसलेल्या ध्वनिमुद्रकाने मान हलवली. “मॅडम, बातम्या वाटून राहिल्या. घरच्या माणसाले सांगतल्यासारखं सांगा ना. कोणाले तरी डोळ्यासमोर आणा.” तिने डोळे मिटले आणि आईला समोर आणलं. पदर कमरेला खोचलेली, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडणारी. मग तिने त्या आईला सांगितलं, दुपारी बाहेर पडू नका. इतक्या मायेनं सांगितलं की ध्वनिमुद्रक उठून उभा राहिला. चुकलं ते तिथेच. आई डोळ्यांपुढे आली, पण आईच्या डोक्यावरचा पत्रा आला नाही. ज्या पत्र्याखाली आपण लहानाच्या मोठ्या झालो तो कसा आठवला नाही, हे आता तिला कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून भीती वाटत होती. माणूस असं काय काय विसरलेलं असतं, आणि विसरलंय हेही त्याला ठाऊक नसतं.

इंदोऱ्याकडच्या त्या खोलीत वैशाखात पत्रा तडतडायचा. भिंतींना हात लावला की चटका बसायचा, माठातलं पाणी गरम व्हायचं, फळीवरच्या साबणाची वडी मऊ पडायची. आई कळमन्याच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडायला जायची. तिच्या लुगड्याला मिरचीचा इतका खाट यायचा की घरात पाऊल टाकलं की दोघंही पोरं शिंकू लागायची. ती सकाळीच जाऊन ऊन चढायच्या आत परतायची आणि जेवण झालं की पोरांना अक्षरशः हाकलायची. “निंघा. निंघा बाहेर. इथंसा राहान तं भरीतावानी भाजून निंघान.” मग तिघं डोक्यावर ओला पंचा घेऊन विहाराकडे पळायची. विहारात शहाबादी फरशी, उंच छत, दोन्हीकडून खिडक्या आणि पलीकडे कडुनिंब. वस्तीतल्या सगळ्या बाया तिथे दुपार काढायच्या. कोणी गोधडी शिवतंय, कोणी सुनेचं गाऱ्हाणं सांगतंय, कोणी तोंडावर पदर घेऊन घोरतंय. बुद्धाच्या मूर्तीसमोर पालथं पडून नंदिनी पुस्तक वाचायची आणि फरशीचा गारवा पोटाला लागायचा. बाहेर जाणं म्हणजे जगणं, हे त्या वस्तीत पाळण्यातलं पोरसुद्धा जाणत होतं. उन्हाचा तो शंभर पावलांचा चटका सोसायचा आणि पलीकडची सावली गाठायची. नंदिनीचं लग्न झालं, ती मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये गेली आणि तिची दुपार तिथे बदलली. तिथे बाहेर म्हणजे ऊन आणि आत म्हणजे गारवा. दारं लावायची, पडदे ओढायचे, झालं. आईला तिने किती वेळा नेलं, पण आई दोन दिवस राहून कंटाळायची. “तुयाइथं दार लोटलं का शेजारीन मेली का जगली समजत नाई वं. मी आपली माया घरी बरी.” तेव्हा नंदिनीने आईला कूलर घेऊन दिला. मोठा, लोखंडी, वाळ्याच्या ताट्या लावलेला. आपलं कर्तव्य झालं, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

काल चंद्रकलामावशी आल्या होत्या. आईच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. शुक्रवारी दार ठोकून ठोकून, शेवटी पोरांकडून कडी तोडून आई सापडली ती त्यांनाच. संघपाल खाली औषधं आणायला गेला तशा त्या नंदिनीला हाताला धरून जिन्यात घेऊन गेल्या. आधी नुसत्याच रडल्या. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, “पोरी, पोटात ठेवून ठेवून मलेच बिमारी लागन. म्हणून सांगतो. म्या रोज हाका मारल्या. चाल वं मीराबाई, विहारात चाल, सगळ्या बाया जमल्या. तं म्हणे नाई. म्हणे माई नंदू सांगून राहिली, दुपारी निंघाचं नाई म्हणून. म्या म्हटलं, अवं बाई, थे सगळ्या नागपुराले सांगते. तं म्हणे, सगळ्या नागपुराले सांगते अन सख्ख्या मायनं नाई आयकाचं? शिकल्यासवरल्या पोरीचं माय आयकत नाई, तं लोक कायले आयकतीन?” मावशी थांबल्या. “गाडी आली का दारात उभी राहे वं. हात जोडून नाई, पन तशीच. पाहा, माई पोरगी बोलते, म्हणे. खिडकी लावून घेतली होती. चादर टांगली होती तिच्यावर. म्या म्हटलं कूलरले खिडकी खुल्ली लागते, नाई तं भाप होते नुसती. तं म्हणे, नंदूनं लावाले सांगतली.”

खिडकी बंद, पडदा लावलेला, कूलर चालू, त्याच्या टाकीत पाणी. उशाशी मीठ-साखरेच्या पाण्याचा रिकामा पेला. जे जे सांगितलं होतं ते ते केलेलं. वरून पत्रा आणि आत कोंडलेली वाफ, आणि मध्ये आई, सांगितल्या वेळेची वाट बघत. चार वाजले की उठायचं, एवढंच तिच्या मनात असेल. मावशी जाता जाता म्हणाल्या, “एक बोलू? येकशे आठचा नंबर मले याद होता थो तुयाच बोलन्यानं. गाडीवर तूच तं सांगते रोज. दवाखान्याची गाडी बी झटकन आली. नाई तं तिथंच संपली असती बाई.” त्यांनी हे धीर देण्यासाठी म्हटलं होतं. नंदिनीला ते धरवेना आणि सोडवेना. “संघपालले नाई सांगतलं म्या,” त्या म्हणाल्या. “भावाबहिनीत कायले आग लावाची. तू बी नोको सांगू.” आणि नंदिनीला, लाज वाटावी इतकं, हायसं वाटलं.

रात्रभर बाकावर बसून तिला आईचा तो युक्तिवाद सुटेना. माय ऐकत नाही तर लोक कशाला ऐकतील. यात चूक काढायला जावं तर सापडत नाही. आजा दीक्षाभूमीच्या त्या गर्दीत उभा राहून नवा धर्म घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, आता या घरात शिकलेल्याचा शब्द खाली पडायचा नाही. स्वतः अंगठा उठवणारा माणूस. त्या घरात मग पोराने पुस्तकातून काही वाचून दाखवलं की मोठी माणसं बोलणं थांबवायची. आईला अक्षर ओळखता यायचं नाही, पण नंदिनी अभ्यासाला बसली की ती भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. चौदा एप्रिलच्या रात्री विहारापुढच्या मांडवात नंदिनीने पहिल्यांदा माइक हातात घेतला तेव्हा ती सातवीत होती. ‘सर्वांनी वंदनेसाठी उभे राहावे’, एवढंच वाक्य. मांडवात सगळ्यांत आधी आई उठली. इकडे-तिकडे न बघता, पदर सावरून, ताठ. मग बाकीचे. पुढे नंदिनीने तोंडातलं ‘मले-तुले’ घासून घासून काढून टाकलं, कॉलेजात कोणी हसू नये म्हणून. आई मात्र तिच्या त्या पुस्तकी बोलण्यावर भाळली. वस्तीतल्या बायांना सांगायची, माई नंदू बोलते तं रेडिओ लागल्यासारखा वाटते. तिला त्यातलं सगळं कळायचंच असं नाही. पण ऐकायची. नंदिनीच्या मनात आलं, एकदा तरी आईने ऐकलं नसतं. सगळ्या जगाच्या आया पोरींचं ऐकत नाहीत, हिलाच काय झालं होतं? आणि मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं आपण ‘होतं’ म्हणालो, हे लक्षात येऊन ती दचकली.

गाडी गेल्यावर ती वर आली तेव्हा संघपाल आलेला होता आणि चंद्रकलामावशीही. मावशींनी डबा आणला होता, भाकरी आणि झुणका. तो त्यांनी बाकावर मांडीशी धरून ठेवला होता आणि संघपाल त्यांच्यापुढे उभा होता. त्याच्या बुटांवर कोळशाची भुकटी तशीच होती. झोप नाही, पोटात अन्न नाही, आणि राग कुठेतरी काढायलाच हवा होता. “तुमी रोज सोबत जाता ना मावशी? मंग? येक बाई दिसून नाई राहिली तं जाऊन पाहाचं नाई? तुमी तिकडं गारव्यात गप्पा मारत बसल्या अन माई माय इकडं शिजली!” मावशींनी मान खाली घातली. “हाका नाई मारल्या तुमी तिले? सांगा ना! मारल्या असत्या तं आली नसती का?” पलीकडच्या बाकावरची माणसं बघू लागली. मावशींनी डोळे वर केले ते संघपालकडे नाही, नंदिनीकडे. त्या नजरेत मागणं नव्हतं, तेच वाईट होतं. आधीच ठरवल्याप्रमाणे त्या गप्प बसल्या होत्या, एवढंच. नंदिनीच्या जिभेवर कबुलीचं वाक्य आलं. तिला ते स्पष्ट ऐकूही आलं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. हजार-हजार माणसांपुढे जिची जीभ कधी अडखळली नाही ती बाई, आणि समोर होता फक्त धाकटा भाऊ, ज्याला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. “संघू, जाऊ दे,” ती म्हणाली. जाऊ दे! मावशींनी डबा तिच्या हातात दिला आणि, “गरम हाय तंवर खाऊन घ्या,” असं म्हणून जिन्याकडे वळल्या. पाठीचा पोक काढून, कठडा धरून, एकेक पायरी उतरत गेल्या. त्यांना हाक मारायला अजून वेळ होता. मग नव्हता.

काचेचं दार उघडून नर्सने नाव पुकारलं. मीराबाईचे नातेवाईक. दोघांनी पायांत त्या कापडी पिशव्या चढवल्या आणि आत गेली. आतला गारवा अंगावर आला तशी नंदिनीला ती ध्वनिमुद्रणाची खोली आठवली आणि तिने ती आठवण ढकलून दिली. डॉक्टर श्वेता पलंगाशी उभ्या होत्या, चेहरा उजळलेला. “पहाटेपासून डोळे उघडतायत. आम्ही बोलतो तेव्हा मात्र काहीच करत नाहीत. घरच्यांचा आवाज ओळखतात का बघू या.” आईचे डोळे अर्धे उघडे होते, छताकडे लागलेले. त्या डोळ्यांत आई होती की नव्हती, सांगता येत नव्हतं. ओठ फुटले होते. ती इतकी लहान दिसत होती की पलंग तिला मोठा होत होता. आधी संघपाल वाकला. “आई. आई, मी संघू. आयकू येते का वं? डोळे इकडं कर ना.” काही नाही. त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, मग आवाज फुटला तसा तो बाजूला झाला आणि मनगटाने डोळे पुसू लागला. “तुम्ही बोला मॅडम,” डॉक्टर म्हणाल्या. “सोपं काहीतरी करायला सांगा. हात उचल, असं काही.”

नंदिनी पलंगाशी गेली. तोंडातून जे आलं ते सवयीचंच आलं, स्वच्छ, अक्षर न् अक्षर सुटं. “आई, उजवा हात वर कर.” क्षणभर काहीच झालं नाही. मग आईच्या डोळ्यांतली बुबुळं हलली, छताकडून घसरत घसरत आवाजाच्या दिशेला आली, आणि चादरीवरचा हात उचलला गेला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत सगळा हात, सलाईनच्या नळीसकट. “वा!” डॉक्टर म्हणाल्या, अगदी मनापासून, “तुमचं बरोबर ऐकतात हो त्या!” आणि घाईने फाइलमध्ये लिहायला वळल्या. संघपाल हसत होता आणि रडत होता. हात वरच होता. तो आता थरथरायला लागला होता. दंडाची कातडी लोंबत होती, नळीतून रक्त उलटं चढू लागलं होतं, तरी वरच. आई नंदिनीच्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांत ओळख नव्हती की वेदना नव्हती, फक्त पुढचं काय ते सांग, एवढंच होतं. “आई, ठेव आता खाली,” संघपाल म्हणाला. हात हलला नाही. “ठेव ना वं खाली, थकशीन.” त्याचं जणू कानावर पडतच नव्हतं. तो नंदिनीकडे वळला. “ताई, तू सांग ना. तुयंच आयकून राहिली थे. सांग ना तिले.” नंदिनीने तोंड उघडलं. सांगायचं होतं दोन शब्दांचं, पोरालाही सांगता येईल असं, पण आईला पुन्हा एकदा हुकूम सोडायला तिचा धीर होईना. मग ती बोलली, पण आईशी नाही, आणि जी भाषा तिने तीस वर्षांपूर्वी तोंडातून काढून टाकली होती त्या भाषेत बोलली. “मीच सांगतलं होतं तिले, संघू. घरात राहाले मीच सांगतलं होतं. मावशीनं हाका मारल्या रे, रोज मारल्या.” आईचा हात अजून वर होता.